बटनाचे टायर, काळी माती आणि कैऱ्याचा पोळा

पोळ्याला गावी येऊन जोडीचा कासरा धर, असा निरोप बाबांनी पाठवला, तेव्हा माझ्या मोटारसायकलला नवे टायर बसवून चार दिवसही झाले नव्हते. खरं सांगायचं तर निरोप ऐकून मला आधी बैल आठवले नाहीत, टायर आठवले. म्हटलं, बरं झालं, आता यांची परीक्षा घेता येईल. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच आहे.

मी यवतमाळला कापसाच्या एका जिनिंगमध्ये सुपरवायझर आहे. नागपूरला लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला, त्यातून ही मोटारसायकल घेतली. मोटारसायकल आली की माणसाला दोन खोडी लागतात. एक, बसने जाणाऱ्यांची कीव करायची आणि दोन, भेटेल त्याच्याशी टायरवर बोलायचं. मला दोन्ही लागल्या होत्या. जिनिंगमधले लोक चहाच्या वेळी मुद्दाम विषय काढायचे आणि मी बळी पडायचो.

पण विषय खोटा नाही. आपल्या जिल्ह्यात गाडी चालवायची तर एकाच दिवशी चार प्रकारची जमीन चाकाखाली येते. गावाबाहेर थोडं डांबर, मग खडीचा रस्ता, मग मुरूम आणि शेवटी आपली काळी माती. डांबरावर उभ्या रेघांचा टायर चांगला चालतो, वळणावर धरून राहतो. मातीत मात्र तो नुसता घसरतो. मातीसाठी जाड जाड बटनांचे टायर मिळतात. त्यांची नक्षी अशी की बोटाचं पेर आत जावं. बहुतेक लोक पुढे रेघांचा आणि मागे मध्यम नक्षीचा घालतात. बहुतेक लोक घालतात म्हणूनच मला तो नको होता. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, दोन्ही चांगले, साहेब. मी पुढे-मागे दोन्हीकडे बटनाचे घेतले.

बसवल्यावर चाक मडगार्डमध्ये कसं गच्च भरून दिसत होतं! टायर आणि मडगार्ड यांच्यात जेमतेम बोट जाईल एवढी फट राहिली होती. ती फट मी पाहिली, बोट घालून पाहिली आणि मला ती आवडली. गाडीला एकदम पैलवानाचं अंग आल्यासारखं वाटलं.

आता निरोपाबद्दल. आमचं गाव बोरी अरब आणि नेर यांच्या मधल्या काळ्या पट्ट्यात आहे. बाबांचे गुडघे यंदा धरले आहेत, काठीशिवाय ओट्यावरून उतरता येत नाही. आमच्या घरात असा नेम आहे, की पोळ्याला जोडी तोरणाखाली उभी करायची तर कासरा घरच्या माणसाच्या हातात हवा, गड्याच्या नाही. आजोबांनी तो धरला, बाबांनी धरला. यंदा मीच होतो. शिवाय चांद्या आणि कैऱ्या या जोडीतला कैऱ्या आता म्हातारा झालाय. या पोळ्यानंतर त्याला जुंपायचं नाही, असं बाबांनी ठरवलं होतं. म्हणजे कैऱ्याचा हा शेवटचा पोळा होता. निरोपात बाबांनी तेवढंच दोनदा सांगितलं होतं.

‘नेरची सकाळची यष्टी हाय ना,’ सुमन म्हणाली. सुमन म्हणजे आमचं कुटुंब. ‘फाट्यावर उतरा अन् पायी जा. सणाच्या दिवशी कायले त्या गाडीचं लचांड?’

‘ह्या टायरले चिखल म्हणजे घरचं अंगन हाय,’ मी म्हणालो.

‘टायरले असन. तुम्हाले हाय का?’

मी हसण्यावारी नेलं. तुम्हाला आमच्याकडे यायचं झालं तर सुमनचं ऐका. नेर रस्त्यावरच्या फाट्यापासून गाव दीड कोस आहे आणि वाट मुरमाची आहे. पावसातही जोडा भरत नाही. दुसरी वाट बोरीवरून गाडरस्त्याने. नकाशावर ती जवळ दिसते, पण सगळी काळ्या रानातून जाते. मी दुसरी धरली. कारण उघड आहे, मुरमाच्या वाटेवर बटनाच्या टायरचं कौतुक कोणी करायचं?

सकाळचं जेवण करून निघालो. मागे पिशवीत कैऱ्यासाठी यवतमाळच्या बाजारातून घेतलेली नवी झूल होती, लाल, आरशांची, बाबांनी सांगितल्याप्रमाणे. बोरीपर्यंतचा रस्ता पंधरा मैलांच्या आसपास, थोडा डांबरी, बाकी खडीचा. डांबरावर टायरांनी असा घूंऽऽ आवाज काढला, की कडेला चरणाऱ्या म्हशी मान वर करून पाहू लागल्या. मला तो आवाजही आवडला. एका उताराच्या वळणावर गाडी बटनांवर जराशी डुलली आणि माझे दोन्ही पाय आपोआप खाली आले. तरी मी स्वतःला समजावलं, की हे टायर मातीचे आहेत, डांबराचा राग त्यांनी करायचाच.

पोळ्याच्या दिवशी रस्ता कसा असतो हे आपल्याकडच्यांना सांगायला नको. एकही बैलगाडी नाही. ओढ्यांवर बैल धूत असलेली माणसं आणि पाण्यावर तरंगणारा साबणाचा फेस. कुणी शिंगं रंगवतोय, कुणी बेगड चिकटवतोय. मी हॉर्न वाजवत जायचो आणि माणसं हात वर करायची. बैल बिचकायचे, ते मात्र मी पाहिलं नाही असं केलं.

बोरीला थांबलो. फाट्यावरच्या हॉटेलात आलुबोंडे गरम होते. इथे थांबाल तर आलुबोंडा घ्या, चटणी मागून घ्या आणि चहात साखर कमी सांगा, नाहीतर पाकच मिळतो. खिसा फारसा हलका होत नाही. गाडीभोवती आठ-दहा माणसं जमली. एकाने टायरच्या बटनावर नख मारून पाहिलं.

‘कुठं जाऊन राह्यले?’ हॉटेलवाल्याने विचारलं. मी गाव सांगितलं.

‘ह्या रस्त्यानं? अन् पानी आलं तं? आज ओढाले बैलबी भेटनार नाही तुम्हाले.’

‘ह्या गाडीले बैल लागत नाही,’ मी म्हणालो आणि जरा मोठ्याने म्हणालो. ‘बैलाचे दिवस सरले आता, दादा!’

लोक हसले. नवा फेटा बांधलेला एक म्हातारा हसला नाही. तो आपल्या बैलासाठी घेतलेली घुंगरमाळ सदऱ्याच्या बाहीने पुसत बसला होता. त्या वाक्याची लाज मला तिथे वाटली नाही, पण नंतर वाटायची राहिली नाही.

बोरीच्या पुढे गाडरस्ता लागला आणि पहिले दोन मैल काय मजा आली म्हणता! वरची माती वाळलेली, चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावरून गाडी सरसर चालली होती. दोन्ही बाजूंना कपाशी कमरेपर्यंत, मधे मधे तुरीच्या ओळी. ओढ्यात उतरलो, मागचं चाक गोट्यांत घुसलं आणि बटनांनी धरून गाडी वर काढली. मी एकटाच होतो, तरी मोठ्याने ‘वा रे पठ्ठे’ म्हणालो. त्या दोन मैलांसाठी हे टायर घ्यावेत असं कोणालाही वाटेल, म्हणून हेही लिहिलं.

मग उगवतीकडून एक सर आली. फार नाही, विडी ओढून होईल एवढा वेळ. मी पळसाखाली थांबलो, पाऊस गेला, ऊन पडलं आणि मी निघालो.

काळी माती ओली झाली की काय करते हे मला कोणी सांगायला नको होतं, मी त्याच मातीत वाढलोय. लहानपणी शेतातून आलो की पायाला तिचे जोडे व्हायचे, एकेक पाय दोन शेरांचा. पण चाकाला मी पायासारखं कधी धरलंच नव्हतं. बटनांनी माती धरली, इमानाने धरली आणि सोडली नाही. ती वर मडगार्डमध्ये गेली, त्या बोटभर फटीत ठासली. पन्नास पावलांत पुढचं चाक फिरायचं थांबलं. इंजिन घुमतंय, मागचं चाक चिखल उडवतंय आणि पुढचं चाक पाटावर बसवल्यासारखं गप्प. मग मागचंही थांबलं.

उतरलो. काडीने माती कोरून काढली. दहा पावलं गेलो, पुन्हा तेच. मडगार्ड काढावं म्हटलं तर बोल्ट लष्कराच्या वेळेपासून गंजलेले, पान्हा त्यांच्यावरून नुसता फिरत होता. ढकलावं तर गाडी जागची हलेना. रेघांचा टायर असता तर घसरलो असतो, चारदा पडलो असतो, पण चाक फिरलं असतं. एवढं मला त्या चिखलात उभं राहून कळलं आणि कळून काही उपयोग नव्हता. ऊन कललं होतं. आमच्या गावात पोळा दिवस मावळायच्या आत फुटतो. तोरण तुटलं, बैल घरोघर निघाले, की मागून आलेल्या जोडीला कोणी विचारत नाही.

रानाच्या टोकाला लिंबाच्या झाडांमागे तांडा दिसत होता. बंजाऱ्यांचा. ही माणसं पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलखभर हिंडायची. आता तीन पिढ्यांपासून इथे कपाशी पिकवतात. गाडी तिथेच सोडून मी चिखल तुडवत गेलो.

तांड्यात पोळ्याची तयारी झाली होती. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, खाली सात-आठ जोड्या सजून उभ्या. सगळे थांबले होते ते सक्रू नायकाने नारळ फोडण्यासाठी. सक्रू नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, बाबांच्या वयाचा, अंगाने काटक, डोक्याला नवा लाल फेटा. त्याच्या म्हातारीने, तिला तांड्यात सगळे याडी म्हणजे आई म्हणतात, मला पाहून आधी पाण्याचा लोटा पुढे केला.

पाणी प्यालो आणि म्हणालो, ‘नायक, एक जोडी पाह्यजे होती. मोटारसायकल फसली. त्या मुरमाच्या बरडापर्यंत ओढून द्या.’

माणसं आपापल्या जोड्यांकडे पाहू लागली. मला वाटलं, हे भाड्यासाठी थांबलेत. मी खिशातून पाकीट काढलं. ‘भाडं देतो ना. सांगान ते देतो.’

पाकीट काढलं ते काढलंच. एका बाईने मान दुसरीकडे वळवली. नायक माझ्या हाताकडे पाहत होता, रागाने नाही, जसं कोणाच्या अंगावरचं फाटकं आपल्याला दिसावं आणि आपणच नजर काढून घ्यावी तसं.

‘साहेब,’ तो म्हणाला, ‘आज त्यायच्या खांद्यावर माशी बसली तं आम्ही हाकलतो. जू कुठून ठेवू?’

‘मले मालूम हाय, नायक. मीबी कास्तकाराचाच पोरगा हाय.’

‘हाय?’ तो म्हणाला. ‘मंग तुले सांगा लागते का?’

साहेबचं तू झालं. मला कानापर्यंत ऊन लागल्यासारखं झालं. पाकीट खिशात जाईना, हात चिखलाने भरला होता आणि ते अर्धवट बाहेर लोंबत राहिलं. पळून जावंसं वाटलं, पण जाणार कुठे?

‘एवढी काय घाई हाय?’ याडीने विचारलं. ‘राह्य आज इथंच. पुरनपोळी खाय, सकाळी जाजो.’

तेव्हा मी सांगितलं. गाव सांगितलं, बाबांचे गुडघे सांगितले, जोडी तोरणाखाली न्यायचीय, कासरा घरच्यानेच धरायचा हा नेम आणि कैऱ्याचा शेवटचा पोळा. सांगता सांगता माझा आवाज बारीक झाला, कारण हे पाकिटाच्या आधी सांगायचं होतं.

नायक उठून उभा राहिला. ‘त्याची जोडी सजून उभी हाय,’ तो तांड्याला म्हणाला, ‘अन् हा इथं भाडं देऊन राह्यला!’ मग फेटा काढून याडीच्या हातात दिला. ‘बैलाले पोया हाय. मानसाले थोडाच हाय! नाडा आना रे.’

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा सहा-सात जण नवे सदरे काढून दोरीवर टाकत होते. मी नको नको म्हणालो, पण ते फार जोरात म्हणालो नाही. मला पोहोचायचं होतं.

बैलगाडीचा जाड नाडा पुढच्या चाकाच्या दांड्यांना बांधला. तीन जण एका बाजूला, तीन जण दुसऱ्या, नायक मधे, नाडा प्रत्येकाच्या उघड्या खांद्यावर. मला झूल आठवली. पिशवीतून काढली, घडी केली आणि म्हणालो, ‘नायक, हे खांद्याखाली घ्या. काचन नाडा.’

त्याने झुलीवरून हात फिरवला, आरसे पाहिले. ‘बैलाची झूल हाय, भाऊ. मानसाच्या खांद्यावर नाही टाकत. ठेव, तुया बैलाले घाल.’

‘मंग मीबी ओढतो.’

‘तू हँडल धर. गाडी पडली तं उचलाले उलटं काम.’

खरंच होतं ते. चाकं फिरत नव्हती, गाडी वखरासारखी मातीतून ओढत न्यायची होती आणि ती उभी धरायला एक माणूस हवाच होता. म्हणून मी हँडल धरून चाललो आणि सात माणसं पुढे जुंपली गेली. वाट घोटाभर चिखलाची, म्हणून त्यांनी गाडी कडेच्या कपाशीतून घेतली. माझ्यामागे दोन ओळी आडव्या होत गेल्या. कोणाची कपाशी, असं विचारलं तर नायक म्हणाला, ‘माहीच हाय, चाल.’

अर्ध्यात दम घ्यायला थांबले. नायक धापा टाकत हसला. ‘बैलाले रातीच आवतन देल्लं. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आमाले कोनं देल्लं रे?’ सगळे खो खो हसले. पोळ्याच्या आदल्या रात्री बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळून हे आवतन द्यायचं असतं, घरोघर देतात. मीही हसलो. हसायला नको होतं, पण माणूस लाजेतही हसतो.

मग त्यांच्यातल्या एका तरण्याने पोळ्यात म्हणतात तशी झडती रचली आणि नाडा ओढता ओढता म्हणू लागला:

बटनाचं टायर, मोठं याचं नाक,
फटफटीले पडला मातीचा धाक!
बैल उभे झुली घालून,
मानसं चालले नाडा धरून,
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

दरवेळी महादेवावर सगळ्यांनी मिळून ओढायचं आणि गाडी हातभर पुढे. झडती चांगली जमली होती. नाक मोठं कोणाचं, हे मला बरोबर समजलं. बोरीच्या हॉटेलात मी काय बोललो ते या माणसांना माहीत नव्हतं, तेवढीच देवाची कृपा. ‘ह्या गाडीले बैल लागत नाही.’ खोटं नव्हतं ते. बैल लागलेच नाहीत.

बरडावर पोहोचलो तेव्हा नायकाने नाडा खाली टाकला. त्याच्या उजव्या खांद्याची कातडी सोलली होती आणि त्यावर चिखल बसला होता. तो हाताने पुसायला गेला आणि हात मागे घेतला. तिकडे लिंबाखाली त्यांच्या जोड्या अजून उभ्या होत्या, तोरण अजून तुटलं नव्हतं.

‘नायक, तुमचा पोया थांबला माह्यापायी.’

‘आमचा थांबते. मी नारळ फोडल्याबिगर थोडाच होते! तुमचा थांबन का? जा आता.’

आमचा थांबणार नव्हता. बरडाचा मुरूम, पुढे फाट्याची वाट, टायर पुन्हा छान धावू लागले आणि त्यांचा आवाज मला ऐकवेना. गावाच्या वेशीत शिरलो तेव्हा समोरून बैल येत होते. गुलालाने पाठी लाल, शिंगांचा रंग एकमेकांना घासून पुसट झालेला, मागे माणसं घरोघर बोजारा, म्हणजे बैलांची ओवाळणी, घेत चाललेली. पोळा फुटला होता.

आमच्या अंगणात चांद्या आणि कैऱ्या खुंट्याला बांधलेले होते. धुतलेले, सजवलेले, शिंगांना हिरवा रंग, कपाळाला बाशिंग. अंगावर गुलालाचा एक कण नाही. बाबा ओट्यावर बसले होते, काठी मांडीवर, डोक्याला फेटा.

‘फुटला,’ बाबा म्हणाले.

‘बाबा, गाडी फसली...’

‘पाटील थांबला होता घडीभर. मंग लोकाईचे बैल बुजाले लागले. तुका म्हने, मी धरतो कासरा.’ तुका म्हणजे आमचा गडी. ‘मी नाही म्हनलं. येते म्हनलं माहा पोरगा.’

बाबा चिडले असते तर बरं झालं असतं. मी झूल काढली आणि कैऱ्याच्या पाठीवर घातली. त्याने मान वळवून हुंगली आणि पुन्हा दाराकडे तोंड केलं. तोंड सकाळपासून तसंच दाराकडे आहे, असं तुकाने सांगितलं. मी त्याच्या मानेला हात लावला आणि मला तिथे उभं राहवेना.

‘बस इथं,’ बाबा म्हणाले. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. चिखलाने मी काळा झालो होतो. ‘एवढी मोठी गाडी, एकल्यानं काढली असन. खांद दाखव.’ आणि आदल्या रात्रीच्या खांदमळणीतून उरलेली तूप-हळदीची वाटी त्यांनी पुढे ओढली, बोटं भरून घेतली आणि माझा सदरा खांद्यावरून खाली सरकवला.

खांदा स्वच्छ होता. चिखलाचा एक शिंतोडा नाही, वळ नाही, काही नाही. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही आणि देवाने पुन्हा वाटू देऊ नये.

‘मी नाही ओढली, बाबा,’ मी म्हणालो. ‘तांड्याच्या मानसाईनं ओढली. त्यायनं बैल जुंपले नाही, सोताच जुंपले. मी निरा हँडल धरून होतो.’

बाबांचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी बोटांवरची हळद काळजीने वाटीच्या काठाला पुसून परत आत टाकली.

‘मंग हे त्यायचं होय,’ ते म्हणाले. ‘उद्या नेऊन दे. अन् आवतन देऊन ये जेवाचं.’

दुसऱ्या दिवशी पायी गेलो, वाटीला पळसाचं पान बांधून. कपाशीतली माझी चाकोरी अजून तशीच होती, दोन ओळींची. नायक खाटेवर बसला होता. वाटी पाहून तो मोठ्याने हसला आणि याडीला हाक मारली, पण याडी म्हणाली, ‘ज्यानं आनलं त्यानंच लावा.’ मी लावलं. वळावरून बोट गेलं तेव्हा नायकाने दात आवळले आणि माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. कोणी त्याकडे पाहिलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

मग मी आवतन दिलं. बाबांनी बोलावलंय, सगळ्यांनी जेवायला या, आजच या.

नायकाने मान हलवली. ‘आवतन आदल्या दिवशी देतेत, भाऊ. जेवाच्या दिवशी देल्लं तं ते आवतन नाही. पुढल्या पोयाले दे.’

‘कपाशीचं...’

‘ते पाकीट काढू नको,’ तो म्हणाला आणि पुन्हा हसला. मी काढणार नव्हतो, पण हात तिकडे गेला होता.

यवतमाळला नेरच्या रस्त्यानेच परत आलो. सुमनने दारातच विचारलं, ‘झाला पोया?’ मी सगळं सांगितलं. ती टायरवरून काही बोलली नाही आणि हा तिचा मोठेपणा मला दोन दिवस झेपला नाही. आता गाडीला पुढे रेघांचा, मागे मध्यम नक्षीचा टायर आहे, सगळ्या जगासारखा. बोल्ट तापवून काढले, मडगार्ड चार बोटं वर उचललं. डब्यात पान्ह्याबरोबर खुरपं ठेवलंय. काळ्या रानात जाणार असाल तर तुम्हीही एवढं करा. सर येऊन गेली असेल तर अर्धा दिवस थांबा आणि पोळ्याच्या दिवशी यष्टीने जा. जिनिंगमधले लोक विचारतात, बटनाचे टायर कसे काय? मी म्हणतो, घेऊ नका. काहून, म्हणून विचारलं तर मातीचं सांगतो. तेवढं पुरतं त्यांना.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा कैऱ्याला जुंपणं थांबलेलं होतं. सकाळी जुंपायच्या वेळी तो आपण होऊन गाडीजवळ येऊन उभा राहतो आणि तुकाला त्याला परत न्यावं लागतं, असं बाबा सांगत होते. झूल त्यांनी घडी करून पेटीत ठेवली होती. मी बराच वेळ मनात घोळवलेलं शेवटी विचारलं. म्हटलं, पुढच्या पोळ्याला कैऱ्याला नेऊ ना तोरणाखाली. मी आदल्या दिवशीच येतो. तांड्यालाही आवतन देतो. कासरा मीच धरतो.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ‘पोया कामाच्या बैलाचा असते, नामदेव,’ ते म्हणाले. ‘वर्षभर जुंपला नाही, तं कोन्त्या तोंडानं नेशीन त्याले?’

कैऱ्या तेव्हा गाडीच्या जुवाजवळ उभा होता. मी उठलो आणि त्याला खुंट्याकडे घेऊन गेलो.